वर्ग करायचा राहून गेला

मे महिन्यात, उन्हं कलल्यावर, आम्ही चौघांनी घरी बनवत असलेल्या गाडीच्या चासीखालचे सागाचे ठोकळे एकेक करून काढले. शेवटचा ठोकळा निघाला आणि गाडीचं नाक, काही घाई नाही अशा थाटात, खाली जाऊ लागलं. आता थांबेल, आता थांबेल म्हणून मी बघत राहिलो. ते थांबलं थेट रबराच्या बंपस्टॉपवर. शॉकॲब्सॉर्बरचा चकचकीत रॉड अर्धा तरी बाहेर दिसायला हवा होता, तो पार आत गडप झाला होता.

बाबा खाटेवर बसून बघत होते. "म्हस बसल्यावानी बसली हे," ते म्हणाले. "उठते का आता?"

उठली नाही. जॅक लावून उचलली, ठोकळे परत घातले आणि मी वही काढली. वहीत गणित बरोबर होतं. निदान त्या संध्याकाळी तरी मला ते बरोबरच दिसत होतं.

दारव्हा-दिग्रस रस्त्याला माझं अवजारांचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाचं शेड, दोन वेल्डिंग मशीन, एक कटर, एक खांबाचं ड्रिल. ट्रॉल्या बनवतो, डवरे-वखर दुरुस्त करतो, रोटाव्हेटरची पाती बदलतो. जून ते सप्टेंबर श्वास घ्यायला वेळ नसतो, उन्हाळ्यात मात्र हात रिकामे. त्या रिकाम्या हातांनी २०२१ च्या दिवाळीनंतर हे खूळ घेतलं: लोटस सेव्हनची नक्कल बनवायची.

ही इंग्लंडची गाडी, कॉलिन चॅपमनने १९५७ साली आणलेली. १९७३ पासून तिचे हक्क केटरहॅमकडे आहेत आणि तिचा तो अवतार आजही बनतो. वजन पाचशे किलोच्या आसपास. चौकोनी नळ्यांची चासी, बाजूला सपाट पत्रे, वळण असलेलं काही असेल तर नाक आणि मडगार्ड. ट्रॉली बनवणाऱ्या माणसाने तिचा फोटो पाहिला की त्याला वाटणारच, हे तर आपल्या हातचं काम आहे. गंमत म्हणजे तिकडे ती सुट्या भागांची पेटी म्हणूनही विकत, कारण तयार गाडीवर खरेदी कर लागायचा आणि घरी जुळवली की तो वाचायचा. आपल्याकडे उलटं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीचा मूळ साचासुद्धा बदलता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्का मारला. मग घरी जुळवलेल्या गाडीला नंबर कोण देणार? त्यामुळे ही गाडी डांबरी रस्त्यावर चढणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आमचं वावर, वावराकडे जाणारी पांदण आणि गावच्या शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, मैदान, एवढंच तिचं राज्य.

इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस एका ओम्नीचा. नोंदणी रद्द होऊन भंगारात गेलेली होती, बावीस हजाराला पडली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद बेताची, पण इंजिन गाडीच्या लांबीत उभं आणि ओढ मागच्या चाकांना. मला तेच हवं होतं. चासी दोन महिन्यांत उभी राहिली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, नळ्या कापल्या आणि जोडल्या. पुढच्या दोन चाकांना मात्र चौदा महिने लागले.

ओम्नीचं पुढचं सस्पेन्शन, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारी जोडणी, तसंच का नाही लावलं, हा प्रश्न दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने विचारला. ओम्नीला मॅकफर्सन स्ट्रट आहे: शॉकॲब्सॉर्बरचा लांब खांब चाकाजवळून निघून वर बॉडीत जाऊन अडकतो. त्या खांबाचं वरचं टोक टायरच्याही वर असतं. सेव्हनचं नाक टायरच्या माथ्यापेक्षा खाली. तो खांब बसवला तर तो पत्र्याबाहेर तुराटीसारखा उभा राहील. म्हणून मूळ गाडीप्रमाणे डबल विशबोन हवं. चाकाला धरणारे दोन त्रिकोणी हात, एक खाली, एक वर, वरचा आखूड.

मूळ गाडीत चाक ज्या भागावर फिरतं तो भाग ट्रायम्फच्या गाड्यांचा होता. ट्रायम्फ हेराल्ड आपल्याकडे स्टँडर्ड हेराल्ड या नावाने मद्रासला बनायची, म्हणून नागपूरच्या भंगारवाल्यांकडे तीन चकरा मारल्या. हेराल्डचं नाव काढलं की म्हातारे दुकानदार खुलायचे, चहा सांगायचे, कोणत्या डॉक्टरकडे होती ते सांगायचे. हेराल्ड कुणाकडेच नव्हती. शेवटी मारुती ८०० चे दोन नकल घेऊन परत आलो. आमच्या धंद्यात त्या भागाला नकलच म्हणतात, त्यामुळे नक्कल गाडीला नकल कुणाची, यावर पुतण्याने महिनाभर करमणूक करून घेतली.

८०० ची ओढ पुढच्या चाकांना, म्हणजे नकलच्या मधोमध ड्राइव्ह शाफ्ट जाणार. माझ्या गाडीत पुढे ड्राइव्ह शाफ्ट नाहीच. तेव्हा ते भोक रिकामं ठेवायचं, असं मी गृहीत धरलं. चाक लावलं, वरून धरून हलवलं, तर ते सैल दातासारखं डुगडुगलं. बेअरिंग नवी होती. दिग्रसचे लेथवाले चाचा त्या दिवशी शेडमध्ये आले होते. त्यांनी चाक एकदाच हलवलं आणि म्हणाले, "भाऊ, ह्या बेअरिंगले दाबून कोन धरलं? शाफ्टचा नटच धरते ना." शाफ्ट फक्त चाक फिरवत नाही. त्याच्या टोकाचा मोठा नट हब आणि दोन्ही बेअरिंग एकमेकांवर आवळून ठेवतो. शाफ्ट काढला की आवळणारं कुणी उरत नाही. मग भंगारातले सीव्ही जॉइंट, म्हणजे शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचे सांधे, आणले, चाचांनी लेथवर त्यांचा मागचा वाटीसारखा कप उडवून टाकला आणि आट्यांचा दांडा तेवढा ठेवला. आता तो दांडा कुठेच ओढत नाही, नुसता बोल्टसारखा आवळून बसला आहे.

दुसरं काम वरच्या जोडाचं. ८०० च्या नकलला खाली बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे वळणारा गोळ्याचा जोड, आहे, वर मात्र स्ट्रट पकडायला दोन बोल्टांची भोकं. मला तिथे वरच्या हाताचा बॉल जॉइंट हवा. म्हणून ईएन-आठ पोलादाचा एक ठोकळा घडवला, जो त्या दोन भोकांत बोल्टने बसतो आणि वर टाय रॉड एंडचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकाला असतो त्या बॉल जॉइंटचा, निमुळता दांडा धरतो. स्प्रिंग खालच्या हातावर असल्याने गाडीचं वजन खालचा जोड झेलतो. वरच्याला फक्त वळणाचा आणि ब्रेकचा आडवा ताण. म्हणून वर टाय रॉड एंड चालतो. तोच खाली लावणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या गाडीत मी बसणार नाही.

निमुळतं भोक हे चाचांचं काम. ड्रिलने ते होत नाही, दांड्याच्या उताराशी भोकाचा उतार तंतोतंत जुळावा लागतो, नाहीतर जोड एकाच कडेवर टेकतो आणि काही दिवसांत ढिला पडतो. चाचांनी लेथची वरची स्लाइड कोनात लावून भोक केलं, मग आत जाऊन सुनेकडून काजळाची डबी मागून आणली. टाय रॉड एंडच्या दांड्यावर बोटाने काजळाचा पातळ हात फिरवला, दांडा भोकात घातला, पाव फेरा दिला, काढला. भोकाच्या वरच्या कडेला काळी पट्टी उमटली होती, खाली स्वच्छ. "वरतंच बसून रायला," म्हणत त्यांनी स्लाइड केसभर हलवली. असं पाच वेळा. सहाव्या वेळी काजळ वरपासून खालपर्यंत सारखं लागलं, तेव्हा त्यांनी तो ठोकळा माझ्या हातात दिला आणि विडी पेटवली. दुसऱ्या बाजूच्या ठोकळ्याला परत तेवढाच वेळ लागला. डबी रिकामी झाली, ती मी भरून दिली.

आता हात किती लांब, कुठे लावायचे. इंग्लंडच्या मोजमापांचे नकाशे मिळतात, आणि चासीसाठी मी ते वापरलेही. पुढच्या सस्पेन्शनला ते उपयोगाचे नव्हते, एकतर नकल वेगळा, दुसरं म्हणजे जमीन वेगळी. तिकडची सेव्हन रस्त्याला जवळजवळ घासत जाते. आमच्या पांदणीत बैलबंडीच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत आणि काळी माती वाळली की त्या विटेसारख्या कडक होतात. मला पोटाखाली १६५ मिलिमीटर हवे होते आणि चाकाला वर-खाली जायला मोकळीक जास्त.

आमच्या घरामागे सिमेंटचं खळं आहे. तिथे मी सस्पेन्शन अगदी पुऱ्या मापात आखलं. खडूने जमिनीची रेघ, मधली रेघ, टायर. हातांच्या जागी प्लायवुडच्या पट्ट्या, जोडांच्या जागी खिळे, चाकाच्या जागी पुठ्ठा. पट्टी वर सरकवली की चाक कसं झुकतं ते दिसतं. खालचा हात ३५० मिलिमीटर, वरचा २४०. हे दोन्ही हात आतल्या बाजूला रेघ ओढून पुढे वाढवले की कुठेतरी एकमेकांना छेदतात, आणि क्षणभर चाक त्या बिंदूभोवती फिरतं असं धरता येतं. बिंदू फार जवळ आला तर खड्ड्यात चाक भलतंच तिरपं होतं. फार दूर गेला तर वळणावर गाडी बाहेर कलते आणि तिच्याबरोबर चाकही बाहेर कलतं, टायर कडेवर उभं राहतं. मला चाक ५० मिलिमीटर वर गेल्यावर माथा साधारण दोन अंश आत झुकायला हवा होता. खिळे काढून परत ठोकत, बारा-तेरा दिवसांत ते जमलं. रेघा वाढवायला ताणलेली सुतळी खळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत, पार तुरीच्या गंजीपर्यंत गेली होती.

"हे काय कोरून ठेवलं?" आई म्हणाली. "तूर कुठी झोडपाची मंग?"

बाबांना दुसरीच शंका होती. ते तरणे असताना आमच्याकडे दमणी, म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी, होती, आणि तिची चाकं गावच्या सुताराकडून घडवताना ते शेजारी बसलेले. "चाकाचं डोकं बाहेर झुकाले पायजे. कण्याच्या टोकाले बाक देते सुतार, म्हंजे वजन आलं की खालचा आरा सरका उभा रायते. तू त आत झुकवून रायला." बाबांचं बरोबर होतं आणि माझंही. दमणीचं चाक बशीसारखं खोलगट, त्याला वजन आणि बैलांच्या चालीने येणारे आडवे हिसके झेलायचे असतात. माझ्या चाकावर रबर आहे आणि वळणावर ते जमिनीला सपाट चिकटून हवं. हे मी खळ्यावर पुठ्ठा सरकवून दाखवलं. त्यांनी पाहिलं, मान हलवली, आणि मग संध्याकाळी शेजारच्या काकांना तेच पुठ्ठा सरकवून समजावत होते, मी कसा चुकतो आहे ते.

हात बनवायला २५ मिलिमीटर बाहेरमापाची, ३ मिलिमीटर जाडीची सीमलेस नळी. पाइपच्या दुकानात जी स्वस्त शिवणीची नळी मिळते ती ट्रॉलीच्या कठड्याला ठीक. दहा मिलिमीटरच्या प्लेटवर खुंट्या ठोकून साचा केला, त्यात नळ्या अडकवल्या, टाके मारले. डावा आणि उजवा एकाच साच्यात, नाहीतर दोन चाकं दोन दिशांना. वेल्डिंग एका दमात केलं की नळी ओढली जाते, म्हणून एक जोड इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं.

जोड दिसायला सुरेख आले. मी रोज वेल्डिंग करतो, माझ्या जोडाला कुणी नाव ठेवत नाही. पण ट्रॉलीचा जोड तुटला तर सोयाबीन सांडतं, इथे चाक निखळेल. म्हणून यवतमाळहून तडे शोधायचे फवारे आणले. जोड साफ करून त्यावर लाल रंग मारायचा, तो तड्यात मुरू द्यायचा, वरचा पुसून काढायचा, मग पांढरी भुकटी फवारायची. तडा असला तर आतला लाल रंग पांढऱ्यावर चढतो. बारापैकी अकरा जोड पांढरेच राहिले. उजव्या खालच्या हाताच्या बुशजवळ, पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उगवली, भांगातल्या कुंकवासारखी बारीक. तो जोड मी करवतीने कापला. वर छान मणी, आत दोन नळ्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या, धातू आत उतरलेलाच नव्हता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. तो जोड मी रब्बीच्या ओलिताच्या वेळी, संध्याकाळी मारला होता. शेतीची लाइन आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम ओढायला लागतात आणि माझ्या शेडमधला बल्ब पिवळा पडतो. व्होल्टेज पडलं की मशीनचा करंट पडतो, करंट पडला की काठी वरवर वितळते. ट्रॉलीच्या कामात हे हाताला कळतं, आपण अँपिअर वाढवतो आणि पुढे जातो. त्या दिवशी नाही कळलं. पांढऱ्या राहिलेल्या अकरांवर तरी काय भरवसा, तो फवारा फक्त वरचे तडे दाखवतो, आतलं कच्चेपण नाही. चारही हात भंगारात टाकले. नवे हात साच्यात टाके मारून यवतमाळच्या एमआयडीसीत नेले, तिथे सीओटू वेल्डिंगवर पक्के केले. नमुन्याचा एक जोड आधी कापून पाहिला. बाकीचे मग मारले.

वरच्या हाताचं बाहेरचं टोक आट्यांवर ठेवलं. ट्रॅक्टरची टॉप लिंक कशी फिरवून लांब-आखूड करतो, तीच कल्पना. फक्त टॉप लिंकला एका टोकाला उलटे आटे असतात म्हणून ती जागेवर फिरते, इथे बॉल जॉइंट काढून अर्धा फेरा द्यावा लागतो. चाकाचा उभा कल त्याने जुळतो.

आणि आता ते बसलेलं नाक.

पुढच्या भागाचं वजन मी अडत्याकडून आणलेल्या दोन इलेक्ट्रॉनिक काट्यांवर घेतलं होतं. चासीत इंजिन बसवलं, माझ्या जागी खताचं पोतं आणि वर वीस किलोचा दगड ठेवला. दर बाजूला १२५ किलो, चाक आणि नकल सोडून. आता स्प्रिंग किती कडक हवी? गाडी सेकंदाला किती झोके घेते यावरून ते ठरवतात. घरगुती गाड्या एक ते दीडच्या दरम्यान, मी १.६ धरले. त्या हिशेबाने चाकाच्या जागी एक मिलिमीटर वर जायला १.३ किलो लागले पाहिजेत, म्हणजे १२५ किलोला गाडी सुमारे ९७ मिलिमीटर बसेल.

पण स्प्रिंग चाकावर नसते. ती खालच्या हाताच्या साठ टक्क्यांवर, आणि तीही ३० अंश तिरपी. हिशेब केला तर चाक १० मिलिमीटर वर गेलं की स्प्रिंग ५.२ मिलिमीटर दबते. गुणोत्तर ०.५२. मी १.३ ला ०.५२ ने भागलं, उत्तर आलं २.५ किलो प्रति मिलिमीटर. एका मोटारसायकलच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग काट्यावर दाबून पाहिली, बरोबर अडीच. देवच पावला असं वाटलं. जोडी विकत आणली, बसवली, आणि पुढचं तुम्ही वाचलंच आहे.

चूक सापडायला दोन रात्री लागल्या. सापडली ती हापशीवर. पुतणी पाणी काढत होती आणि दांड्याला अगदी बुडाशी धरून जोर करत होती. तिचा हात जेमतेम वीतभर हलत होता आणि जोर मात्र सगळा लागत होता. मी म्हटलं, टोकाला धर. आणि मग तिथेच उभा राहिलो. स्प्रिंग बुडाशी बसलेली आहे. ती चाकापेक्षा कमी हलते, हा एक तोटा. आणि हलून जो जोर देते तोही चाकापर्यंत पोहोचताना तेवढाच घटतो, हा दुसरा. ०.५२ एकदा नाही, दोनदा. १.३ ला ०.५२ च्या वर्गाने, म्हणजे ०.२७ ने भागायचं. उत्तर ४.८ किलो. मी जवळपास निम्म्या ताकदीची स्प्रिंग लावली होती. पडताळा तर वहीतच होता: चाकावर १२५ किलो म्हणजे स्प्रिंगवर २४०, अडीचच्या स्प्रिंगला ते ९६ मिलिमीटर दाबणार, आणि त्या शॉकॲब्सॉर्बरची सगळी चाल ८५ ची. कागदावरच गाडी बसलेली होती. बारावीला असताना सरांनी हे असलं काही फळ्यावर लिहिलं असेलच, मी बहुतेक त्या दिवशी कापूस वेचायला गेलो असेन.

तयार स्प्रिंग मिळणं शक्य नव्हतं. नागपूरला बनवून घेतली: तार ११ मिलिमीटर, वेटोळ्याचा मधला व्यास ७०, काम करणारी वेटोळी ९. दुकानात ११ ची तार संपलेली होती. "दहाची आहे ना भाऊ, एका मिलिमीटरनं काय होते?" काउंटरवरचा पोरगा म्हणाला. एका मिलिमीटरने बरंच होतं. स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने चढते-उतरते, दहाची तार घेतली तर जवळपास एक तृतीयांश ताकद गेली. एकदा वर्ग विसरून बसलेला माणूस चौथा घात विसरत नाही. मी तीन आठवडे थांबलो.

आलेल्या स्प्रिंगा खांबाच्या ड्रिलखाली, काट्यावर ठेवून दाबल्या. १० मिलिमीटरला एक ४७ किलो, दुसरी ४९. उन्नीस-बीस चालायचंच. कडक निघालेली माझ्या बाजूला लावली. शॉकॲब्सॉर्बर एका तीनचाकी मालवाहू गाडीचे मागचे घेतले. स्प्रिंगची बैठक त्यांच्या अंगावर वेल्ड करायचा मोह झाला होता, पण आत तेल असतं, त्याला आच लावणं म्हणजे उकळत्या कुकरचं झाकण ओढणं. चाचांनी दोन भागांची कडी कातून बोल्टने आवळून दिली.

ठोकळे परत काढले. नाक दोन-चार बोटं खाली आलं, थांबलं. मी त्यावर बसलो, उठलो. तेही बसलं, उठलं.

स्टिअरिंगची रॅक, म्हणजे चाकं डावी-उजवीकडे वळवणारी दात्यांची पट्टी, ८०० चीच. तिच्या नकलची स्टिअरिंगची दांडी मागे वळलेली असते, म्हणून रॅकही आसाच्या मागे. इंजिन आणि रॅक एकमेकांच्या अंगावर येत होती, तेव्हा दुकानातल्या एकाने सुचवलं, डावा नकल उजवीकडे आणि उजवा डावीकडे लाव, दांडी पुढे येईल. येईल, पण दांड्यांचा आतला कल उलटा होईल. वळणावर आतल्या चाकाने जास्त वळायला हवं, तसं लावलं तर बाहेरचं जास्त वळेल आणि टायर घासत जाईल. इंजिनच चार बोटं मागे घेतलं.

रॅकची उंची चुकली तर चाक खड्ड्यात गेल्यावर आपोआप वळतं, हात स्टिअरिंगवर स्थिर असला तरी. ते मोजायला स्प्रिंग काढली, ब्रेकच्या चकतीला पोरांचा लेझर टॉर्च टेपने बांधला आणि समोर तीन मीटरवर भिंतीला कागद लावला. जॅकने चाक खालून वर नेलं. लाल ठिपका सरळ वर चढायला हवा होता, तो विळ्यासारखा वाकून ४२ मिलिमीटर बाजूला गेला. रॅकखाली सहा मिलिमीटरचं पॅकिंग घातल्यावर तोच ठिपका पाच मिलिमीटरच्या आत राहिला. हे काम अंधार पडल्यावरच जमायचं, ठिपका दिवसा दिसत नाही. त्यामुळे आठवडाभर शेजाऱ्यांना रात्री दहा वाजता आमच्या शेडमधून "वर... वर... थांब" एवढंच ऐकू येत होतं.

२०२३ च्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, ढग भरून आले असताना गाडी पटाच्या मैदानावर नेली. आधी सरळ, मग आठाच्या आकड्यात. हात सोडले तर चाक मधोमध परत येत होतं. दर फेरीनंतर बोल्टांवर मारलेल्या पांढऱ्या रंगाच्या खुणा पाहिल्या, एकही हललेली नव्हती. मग बाबा शेजारी बसले. बसताना त्यांनी धोतर आवरलं, दमणीत बसताना आवरत असतील तसंच, आणि म्हणाले, "मैदानात काय पायतं? पांदणीनं घे."

पांदणीने घेतली. चाकोरीतून बाहेर, परत आत. वावराच्या तोंडाशी धुरा, म्हणजे बांध, आहे, मी ब्रेक लावणार तेवढ्यात ते म्हणाले, राहू दे. पुढची चाकं धुऱ्यावर चढली, उतरली, स्टिअरिंगमध्ये कणभरही हिसका आला नाही. मी त्यांच्याकडे बघायला मान वळवली आणि त्याच क्षणी मागची चाकं चढली. मागे अजून ओम्नीचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आहेत, आठ माणसं आणि वर सामान वाहायला घातलेले. बाबा सीटवरून वीतभर उडाले आणि परत आदळले.

"पुढचं साधलं," ते कंबर धरून म्हणाले. "मांगचं काहून तसंच ठेवलं मंग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस सुरू व्हायच्या आत मी अडत्याकडे जाऊन दोन्ही काटे परत मागून आणले.